साखरपुड्याची अंगठी: पट्टीचा घाट कसा निवडावा? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

इंदूरच्या सराफ्यात अंगठी घ्यायला जाणारी मराठी कुटुंबं बहुतेक वेळा हिऱ्यावर अर्धा-पाऊण तास घालवतात आणि पट्टीवर, म्हणजे बोटाभोवती बसणाऱ्या धातूच्या कड्यावर, दोन मिनिटं. तक्रारी मात्र नंतर पट्टीच्याच येतात: फिरते, टोचते, वाकली, बोटात अडकली. म्हणून इथले प्रश्न जवळजवळ सगळे पट्टीबद्दलच आहेत.

पट्टी निवडताना सुरुवात कुठून करायची?

आतून. ट्रेमध्ये अंगठी वरून दिसते, पण बोटाला लागते ती आतली बाजू आणि तळव्याकडचा भाग. म्हणून क्रम असा ठेवा: आधी आतला घाट, मग रुंदी, मग जाडी, मग बाहेरचा घाट आणि सगळ्यात शेवटी नक्षी किंवा बारीक हिरे. दुकानात हा क्रम नेमका उलटा चालतो, कारण नक्षी डोळ्यांना आधी दिसते. पसंत पडलेली अंगठी उलटी करा, तळव्याकडची बाजू पाहा, आतून बोट फिरवा. त्यातच निम्म्या अंगठ्या बाद होतात.

आतून सपाट आणि आतून गोलसर, यात फरक काय पडतो?

आतून सपाट पट्टीची पूर्ण रुंदी कातडीला चिकटते. पट्टी दोन मिलिमीटरची असेल तर ते जाणवतही नाही. रुंदी चार मिलिमीटरच्या पुढे गेली की घाम आणि साबणाचं पाणी तिच्याखाली अडकतं, कातडी पांढरी पडते आणि खाजते. शिवाय बोट दुमडलं की सपाट पट्टीची कड सांध्याजवळ रुतते.

आतून गोलसर पट्टीला दुकानात ‘कम्फर्ट फिट’ म्हणतात. तिचा मधला भाग बोटाला टेकतो आणि कडा किंचित उचललेल्या राहतात. सांध्यावरून ती सहज सरकते, घालताना-काढताना ओढाताण होत नाही. मध्ये धातू जरा जास्त लागतो, म्हणून वजन थोडं वाढतं. ही पट्टी नेहमीपेक्षा सैल वाटते, त्यामुळे कधी कधी अर्धा नंबर कमी चालतो. पण तो अंदाजाने कमी करू नका, त्याच घाटाची अंगठी बोटात घालून पाहा.

नाजूक, दोन मिलिमीटरच्या आसपासच्या पट्टीसाठी कम्फर्ट फिटचा आग्रह धरायची गरज नाही. तिथे आतल्या दोन्ही कडा किंचित गोल घासलेल्या असल्या की पुरे. चार मिलिमीटरच्या वर मात्र कम्फर्ट फिटच घ्या.

बाहेरून कोणकोणते घाट मिळतात?

बाहेरून अर्धगोल आणि आतून सपाट असलेली ‘डी’ पट्टी सगळ्यात जास्त खपते. छेद घेतला तर तो इंग्रजी डी अक्षरासारखा दिसतो, म्हणून हे नाव. तिला सोनं कमी लागतं, चरे पडले तरी गोलाईवर ते फारसे दिसत नाहीत आणि पॉलिश करायला सोपी जाते. साधी अंगठी आणि वर एकच हिरा हवा असेल, तर डोळे झाकून हीच घ्या.

सपाट पट्टी आधुनिक दिसते, पण पहिला चरा पडला की तो आरशावरच्या रेघेसारखा उठून दिसतो. मॅट किंवा ब्रश फिनिश घेतलं तर हा त्रास कमी होतो. मात्र ते फिनिशही रोजच्या घासण्याने गुळगुळीत होत जातं आणि पुन्हा करून घ्यावं लागतं.

‘नाइफ-एज’ म्हणजे बाहेरून मधोमध धार असलेली पट्टी. ती बारीक आणि उठावदार दिसते. अडचणी दोन. धार झिजून बोथट होते, आणि २२ कॅरेटच्या मऊ सोन्यात ती फारच लवकर होते. दुसरी अडचण अशी की स्कूटरची मूठ किंवा भाजीची जड पिशवी धरली की धार शेजारच्या बोटांना लागते. १८ कॅरेटमध्ये आणि धार फक्त वरच्या अर्ध्या भागात ठेवून तळाला पट्टी गोल केली, तर हा घाट रोज वापरता येतो. कारागिराला तसं स्पष्ट सांगावं लागतं.

निमुळती पट्टी म्हणजे तळाशी रुंद आणि हिऱ्याकडे अरुंद होत जाणारी, उदाहरणार्थ तळाशी २.४ आणि वर १.८ मिलिमीटर. लहान हिरा तिच्यावर मोठा दिसतो आणि झीज जिथे जास्त होते त्या तळाला धातूही भरपूर राहतो. पाव कॅरेट वजनाच्या हिऱ्यासाठी यापेक्षा चांगला घाट नाही, तरी कॅटलॉगमध्ये ती चटकन डोळ्यांत भरत नाही म्हणून मागे पडते.

रुंदी किती ठेवावी?

हिऱ्याच्या व्यासाच्या साधारण एक तृतीयांश, लहान हिऱ्याला त्याहून थोडी जास्त. गोल हिऱ्याचे व्यास असे: पाव कॅरेट सुमारे ४.१ मिलिमीटर, अर्धा कॅरेट सुमारे ५.२, एक कॅरेट सुमारे ६.५. म्हणजे पाव कॅरेटला १.६ ते १.८ मिलिमीटरची पट्टी, अर्ध्याला १.८ ते २, एक कॅरेटला २ ते २.४. पाव कॅरेटचा हिरा तीन मिलिमीटरच्या पट्टीवर बसवला तर तो हरवतो; एक कॅरेटचा हिरा दीड मिलिमीटरच्या पट्टीवर बसवला तर वरचं वजन पट्टीला पेलत नाही आणि अंगठी कलंडते.

बोटं आखूड किंवा भरलेली असतील तर अरुंद पट्टी बरी दिसते. लांब, सडपातळ बोटांवर अडीच-तीन मिलिमीटरही शोभते. हे नियम नाहीत. बोटात घालून हात लांब धरून पाहणं हाच निकाल.

आणि जाडी? दुकानदार म्हणतात पातळ पट्टी ‘नाजूक’ असते.

नाजूक दिसते आणि नाजूक असतेही. तळव्याकडची जाडी १.५ मिलिमीटरपेक्षा कमी घेऊ नका. १.३ च्या खाली गेलेली पट्टी रोजच्या पकडीने हळूहळू लंबगोल होते. पट्टी वाकली की हिऱ्याच्या माथ्यावर, म्हणजे हिरा बसवलेल्या वरच्या भागावर, ताण येतो आणि हिऱ्याला धरून ठेवणारे काटे उघडतात. हिरा पडतो तेव्हा सगळे काट्यांना दोष देतात, मूळ कारण बहुधा खालची पट्टी असते.

तळाचा भाग सगळ्यात आधी झिजतो, कारण तोच ओट्यावर, कढईच्या दांड्यावर, मुठीवर घासतो. आज १.५ मिलिमीटरची पट्टी काही वर्षांनी एकवर येऊ शकते. तेव्हा तळाचा अर्धा भाग कापून नवा जोडावा लागतो. सुरुवातीलाच १.७ किंवा १.८ ठेवली तर हे काम बरंच पुढे जातं.

वजन वाचवायला काही अंगठ्या आतून कोरून पोकळ केलेल्या असतात. वरून भरीव दिसतात, उलट्या केल्या की आत नाल्यासारखी खाच दिसते. हिऱ्याच्या माथ्याखाली थोडी पोकळी चालते. ती पूर्ण पट्टीभर असेल तर कणीक, साबण आणि मळ तिथे साठतो, पट्टी दबली तर सरळ होत नाही आणि अशी अंगठी मापाने लहान-मोठी करणंही अवघड.

घाटावरून सोन्याचं वजन किती बदलतं?

बऱ्यापैकी. १२ नंबरची (आतला परीघ ५२ मिलिमीटर), २ मिलिमीटर रुंद आणि १.५ मिलिमीटर जाड पट्टी घेऊ. १८ कॅरेटमध्ये सपाट पट्टी साधारण २.६ ग्रॅम भरते आणि डी घाटाची साधारण २.१ ग्रॅम. तीच डी पट्टी २२ कॅरेटमध्ये सुमारे २.४ ग्रॅम, प्लॅटिनममध्ये सुमारे २.७ ते २.८. हे फक्त पट्टीचं वजन. हिऱ्याचा माथा वेगळा. माप तेच, पण घाट बदलल्याने अर्धा ग्रॅम सोनं कमी-जास्त होतं. त्या दिवसाच्या भावाने गुणून पाहा, म्हणजे घाटाचा प्रश्न निव्वळ आवडीचा नाही हे लक्षात येतं.

इथे हॉलमार्कचा एक मुद्दा येतो. २ ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या दागिन्याला सक्तीच्या हॉलमार्किंगमधून सूट आहे. १.६ मिलिमीटर रुंद आणि १.३ जाड डी पट्टी १८ कॅरेटमध्ये जेमतेम १.४ ग्रॅम भरते. म्हणजे फार हलकी अंगठी घेतली तर ती बिनशिक्क्याची मिळू शकते आणि तुमच्या हाती फक्त बिलाचा शब्द राहतो. जरा जाड पट्टी घेण्याला हे आणखी एक कारण.

हॉलमार्कमध्ये नेमकं काय पाहायचं?

तीन खुणा: बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) त्रिकोणी चिन्ह, शुद्धता आणि एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा सहा अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक. २२ कॅरेटला २२के९१६, १८ कॅरेटला १८के७५०, १४ कॅरेटला १४के५८५ असं कोरलेलं असतं. १ एप्रिल २०२३ पासून एचयूआयडीशिवाय हॉलमार्कचे दागिने विकता येत नाहीत. ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपमध्ये तो क्रमांक टाकला की दागिन्याचा प्रकार आणि शुद्धता दिसते. तिथे ‘अंगठी’ऐवजी दुसराच दागिना दिसला तर तिथेच थांबा. अक्षरं फार बारीक असतात. दुकानातलं भिंग मागा, तो तुमचा हक्क आहे.

घरातली मोठी माणसं म्हणतात सोनं २२ कॅरेटचंच हवं. हिरा १८ मध्येच का बसवतात?

२२ कॅरेट मऊ असतं. हिरा धरणारे काटे एक मिलिमीटरच्या आसपास जाडीचे असतात. ते २२ कॅरेटचे केले तर ओढणीत किंवा शालीत अडकून सहज उचलले जातात. १८ कॅरेटमध्ये २५ टक्के इतर धातू असतो, त्याने काटे ताठ राहतात.

मोठ्या माणसांचं म्हणणंही चूक नाही. त्यांना मोडीची चिंता असते: उद्या अंगठी मोडली तर हाती काय येईल? १८ कॅरेटमध्ये शुद्ध सोनं ७५ टक्के, २२ मध्ये ९१.६ टक्के, आणि भावही त्याच हिशेबाने लावला जातो. म्हणजे १८ मध्ये सोन्याचे पैसे बुडत नाहीत, तेवढे आधी द्यावेच लागत नाहीत. बुडते ती घडणावळ, आणि ती दोन्हीकडे बुडते.

तरीही २२ च हवं असेल तर घाट बदला. काटे टाळून हिरा कोंदणात घ्या, म्हणजे चारही बाजूंनी सोन्याची कड. किंवा पट्टीतच खोलगट बसवा. पट्टी डी घाटाची, किमान १.८ मिलिमीटर जाड ठेवा. नाइफ-एज, बारीक हिऱ्यांची पट्टी आणि हिऱ्याजवळ दोन फाट्यांत दुभंगलेली पट्टी हे तीन घाट २२ कॅरेटमध्ये घेऊच नका.

पट्टीवर बारीक हिऱ्यांची ओळ असेल तर रोजच्या कामात टिकते का?

‘पावे’ म्हणजे एक ते १.३ मिलिमीटरचे हिरे सोन्याच्या इवल्याशा मण्यांनी धरलेली ओळ. १.३ मिलिमीटरचा एक हिरा साधारण एक सेंट, म्हणजे कॅरेटचा शंभरावा भाग. त्याला धरणारे मणी किती लहान असतील याची कल्पना करा. ते झिजले की हिरा गळतो. कणीक मळताना पीठ खड्यांच्या मागे जाऊन बसतं आणि दोन दिवसांत अंगठी निस्तेज दिसते. खडे खोटे नाहीत, मागून माखलेले आहेत.

घ्यायचीच असेल तर तीन अटी घाला. हिरे फक्त वरच्या अर्ध्या भागात, तळाला साधी पट्टी. पट्टीची जाडी किमान १.८ मिलिमीटर, कारण खड्यासाठी भोक पाडल्यावर खाली धातू उरायला हवा. आणि वर्षातून एकदा भिंगाखाली तपासणी. पूर्ण गोल हिऱ्यांची पट्टी दिसायला सुरेख, पण तिचं माप बदलता येत नाही आणि तळव्याकडचे हिरे सतत आपटतात.

चॅनेलमध्ये हिरे दोन भिंतींमध्ये बसतात, वर काही टोचत नाही. रोज काम करणाऱ्या हाताला पावेपेक्षा हे बरं. मात्र पट्टी वाकली तर भिंती उघडतात आणि एकाच वेळी दोन-तीन खडे सुटतात.

कॅथेड्रल, स्प्लिट शँक ही नावं ऐकली. घ्यावं का?

कॅथेड्रलमध्ये पट्टीचे दोन्ही खांदे कमानीसारखे वर चढून हिऱ्याला आधार देतात. माथा भक्कम होतो, पण अंगठी उंच होते. पट्टीच्या पृष्ठभागापासून हिऱ्याचा माथा सहा मिलिमीटरच्या वर गेला की तो खिशाच्या कडेला, स्वेटरला, पदराला अडकणारच. खांद्यांखालच्या पोकळीत मळ बसतो. तिथे मऊ ब्रश पोचतो का ते आधी पाहा.

स्प्लिट शँक म्हणजे हिऱ्याजवळ दोन फाटे होणारी पट्टी. बोटावर पसरट दिसते, मध्यम हिराही भारदस्त वाटतो. प्रत्येक फाटा किमान १.२ मिलिमीटरचा हवा. माप बदलताना फाट्यांच्या सांध्यावर ताण येतो, म्हणून माप पहिल्यांदाच अचूक हवं.

अंगठी सारखी फिरून हिरा खाली जातो. पट्टी बदलून उपाय होतो का?

होतो, पण आधी कारण ओळखा. सांधा जाड आणि बोटाचं मूळ बारीक असेल तर सांध्यावरून जाणारी अंगठी मुळाशी सैल राहणारच. दोन्ही जागांची मापं घ्या. फरक एक नंबरचा असेल तर सोडून द्या. दोन-तीन नंबरांचा असेल तर मधलं माप घेऊन आतल्या बाजूला, घड्याळातल्या चार आणि आठच्या जागी, दोन छोटे मणी जोडून घ्या. ते मुळाशी अंगठीला धरून ठेवतात आणि सांध्यावरून जाताना अडत नाहीत.

दुसरं कारण वर जड आणि खाली हलकी अशी अंगठी. इथे निमुळती पट्टी किंवा तळाशी चौकोनी केलेली ‘युरो’ पट्टी काम करते: सपाट तळ बोटांच्या मध्ये बसतो आणि फिरत नाही. नंबर लहान करून अंगठी घट्ट करणं हा उपाय बहुतेक जण करतात आणि पहिल्या मे महिन्यात, उन्हाळ्याने बोटं फुगली की, पस्तावतात.

बोटाचं माप घरी कसं घ्यावं?

दोऱ्याने नको, तो ताणला जातो. जेवढ्या रुंदीची पट्टी घ्यायची तेवढ्याच रुंदीची कागदाची पट्टी कापा, सांध्याच्या खाली गुंडाळा, जिथे टोक मिळतं तिथे खूण करा आणि सरळ करून मिलिमीटरमध्ये मोजा. त्यातून ४० वजा केले की भारतीय नंबर येतो. ५२ मिलिमीटर म्हणजे १२ नंबर, ६० म्हणजे २०.

जुन्या अंगठीवरून काढायचं तर आतला व्यास मोजून ३.१४ ने गुणा. व्यास १६.५ असेल तर परीघ ५१.८, म्हणजे १२ नंबर. इथे सावध राहा: एक नंबर म्हणजे व्यासात फक्त ०.३२ मिलिमीटर. मोजपट्टीने व्यास मोजताना अर्धा मिलिमीटर चुकलं तर दीड नंबर चुकला. घरचं माप अंदाजाला ठेवा, ऑर्डर देताना दुकानातल्या मापाच्या कड्यांनीच पक्कं करा.

ज्या हातात घालायची त्याच हाताचं माप द्या. कामाचा हात बहुतेकांचा थोडा जाड असतो. संध्याकाळी मोजा, सकाळी नाही. इंदूरच्या डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत बोटं आक्रसतात, एप्रिल-मेमध्ये फुगतात. थंडीत मोजलं असेल तर किंचित सैल बाजूला राहा. सराफ्यात रात्री खाण्याचा बाजार भरतो; तिथे चटपटीत खाऊन झाल्यावर माप देऊ नका. मिठाने बोटं फुगतात, आणि तोपर्यंत दागिन्यांची दुकानंही बंद झालेली असतात.

रुंद पट्टीला, म्हणजे पाच-सहा मिलिमीटरला, अर्धा ते एक नंबर जास्त लागतो.

लग्नानंतर माप बदललं तर?

साधी पट्टी दोन नंबर मोठी किंवा लहान सहज होते. एक नंबर म्हणजे परिघात एक मिलिमीटर. दोन नंबर वाढवायचे तर तळाशी कापून दोन मिलिमीटरचा तुकडा जोडतात. तो तुकडा त्याच कॅरेटचा आणि त्याच रंगाचा हवा, नाहीतर काही महिन्यांनी जोडाची रेघ दिसू लागते. दोन नंबरांच्या पुढे गेलं की खांद्यांची गोलाई बिघडते, काटे पसरतात, पावेचे खडे सैल होतात.

हिरा जोडाची उष्णता सोसतो, पण उघड्या ज्योतीत धुरकट होऊ शकतो, म्हणून कारागीर त्यावर बोरिक अ‍ॅसिडचा लेप देतात. पाचू आणि मोती ज्योतीजवळ नेऊच नयेत. ते आधी काढावे लागतात किंवा लेझरने जोड द्यावा लागतो. रोज गोल्ड (गुलाबीसर सोनं) गरम करून चुकीच्या रीतीने थंड केलं तर तडकतं. प्लॅटिनम १७६८ अंशांना वितळतं, सोनं १०६४ ला. त्यामुळे प्लॅटिनमचं काम प्रत्येक सोनाराकडे होत नाही. अंगठी घेण्याआधीच विचारा: माप बदलून द्याल का, किती नंबरांपर्यंत, मजुरी किती?

आत नावं किंवा तारीख कोरायची असेल तर तळाच्या मध्यावर नको. कापतात तिथेच.

मुलाच्या अंगठीसाठी वेगळं काय?

रुंदी ४ ते ६ मिलिमीटर, जाडी १.६ ते १.८, आतून कम्फर्ट फिट. २० नंबरची, ४ मिलिमीटर रुंद, १.६ जाड सपाट पट्टी १८ कॅरेटमध्ये साधारण ६.४ ग्रॅम भरते, २२ मध्ये ७.४. गोलाई दिली की याहून कमी. एखादा हिरा हवा असेल तर पट्टीत खोलगट बसवा, काट्यांवर नको.

इंदूरजवळच्या पिथमपूरच्या कारखान्यात यंत्रावर काम असेल, तर कोणताही घाट कामावर घालण्यासारखा नाही. अंगठी फिरत्या भागात किंवा हुकात अडकली तर बोटाची कातडी सोलून निघते. अशा मुलासाठी सहज निघणारी कम्फर्ट फिट घ्या आणि कामाच्या वेळी काढून ठेवायची सवय लावा. टंगस्टन कार्बाइडची अंगठी कातरीने कापता येत नाही, दाब देऊन फोडावी लागते. हे ती घालणाऱ्याला माहीत असलेलं बरं.

शेजारी दुसरी अंगठी असेल तर?

आपल्याकडे साखरपुड्याच्या अंगठीसोबत सोन्याचं वेढणं किंवा राशीच्या खड्याची अंगठी पुष्कळदा असते. दोन अंगठ्या एकाच बोटात घालायच्या असतील तर दोन्हींच्या लागणाऱ्या बाजू सपाट हव्यात आणि हिऱ्याचा माथा पट्टीच्या कडेबाहेर येता कामा नये. २२ कॅरेटचं वेढणं आणि १८ कॅरेटची हिऱ्याची अंगठी एकमेकींना घासली तर मऊ असलेलं वेढणं झिजतं. हिऱ्याची उघडी कड तर सोनं काय, पुष्कराजही खरवडते. शेजारच्या बोटात मोती किंवा पोवळं असेल तर काट्यांपेक्षा कोंदण घ्या. दोन्ही फार मऊ असतात.

व्हाइट गोल्ड घ्यावं की प्लॅटिनम?

व्हाइट गोल्डवर रोडियम या पांढऱ्या धातूचा मुलामा असतो. तो वर्ष-दोन वर्षांत तळाशी उडतो आणि खालची पिवळसर झाक दिसते. पुन्हा चढवता येतो. मिश्रणात निकेल असेल तर काहींच्या बोटाला पुरळ येतं, म्हणून पॅलेडियमचं मिश्रण मागा. प्लॅटिनमला मुलामा लागत नाही. त्यावर चरे पडतात, पण धातू फारसा उडून जात नाही, बाजूला सरकतो. मोडीला प्लॅटिनमचा भाव सोन्यासारखा सगळीकडे मिळत नाही, हे घरात आधी बोलून घ्या.

सराफ्यात ऑर्डर किती आधी द्यावी आणि चिठ्ठीवर काय लिहून घ्यावं?

तयार अंगठीचं माप बदलायला दोन-चार दिवस. नव्याने घडवायची तर तीन-चार आठवडे हाताशी ठेवा: आरेखन, मेणाचा नमुना, ओतकाम, घासकाम, खडे बसवणं, पॉलिश, हॉलमार्क. गुरुपुष्यामृत, धनत्रयोदशी आणि तुळशीच्या लग्नानंतरचा मोसम आला की बडा सराफा आणि छोटा सराफा दोन्हीकडे कारागिरांना वेळ नसतो. तेव्हा आणखी दोन आठवडे धरा. निवड दिवसा करा. दुकानातल्या पांढऱ्या दिव्यांखाली सगळेच हिरे चमकतात, रस्त्यावरच्या उजेडात खरं कळतं.

चिठ्ठीवर एवढं हवं: नंबर, कॅरेट आणि रंग, तळाची रुंदी, वरची रुंदी, तळाची जाडी, आतला घाट, बाहेरचा घाट, हिऱ्याचं वजन आणि प्रमाणपत्राचा क्रमांक, घडणावळ ग्रॅममागे की टक्क्यांत, आणि वजन किती टक्के वर-खाली चालेल. ‘फोटोप्रमाणे’ एवढंच लिहिलं तर फोटोसारखी दिसणारी पण एक मिलिमीटर जाडीची अंगठी येऊ शकते, आणि भांडायला हाती काही नसतं.

बिलात सोन्याचं निव्वळ वजन आणि हिऱ्याचं वजन वेगळं असावं. एक कॅरेट म्हणजे ०.२ ग्रॅम. अर्ध्या कॅरेटचा हिरा सोन्यात धरून तोलला तर ०.१ ग्रॅमचे सोन्याच्या भावाने पैसे दोनदा जातात. दागिन्यावर जीएसटी ३ टक्के.

अंगठी ताब्यात घेताना काय तपासायचं?

डिजिटल व्हर्नियर कॅलिपर दुकानात असतोच. तळाची जाडी आणि रुंदी मोजून घ्या. अंगठी सपाट काचेवर उभी करा: माथा एकीकडे झुकला तर पट्टी तिरपी आहे. आतून बोट फिरवा, कुठे धार लागते का पाहा. लोकरीच्या शालीवरून माथा हलकेच फिरवा. धागा अडकला तर काटा नीट घासलेला नाही. कानाजवळ धरून नखाने टिचकी मारा. खडा सैल असेल तर बारीक किणकिण ऐकू येते. मग बोटात घालून मूठ दहा वेळा आवळा-सोडा. काढताना सांध्यावर थोडी अडावी आणि जरा फिरवली की निघावी, हे बरोबर माप.

हळद, मेंदी, फिनाइल, पोहणं: काय काढून करायचं?

हळदीच्या आणि मेंदीच्या दिवशी अंगठी काढाच, पावे असेल तर नक्की. पोहण्याच्या तलावातलं क्लोरीन आणि ब्लीच १४-१८ कॅरेटच्या मिश्रधातूला, विशेषतः व्हाइट गोल्डच्या काट्यांना, ठिसूळ करतात. फुटलेल्या थर्मामीटरचा पारा सोन्याला लागला तर तिथे पांढरा डाग पडतो आणि तो पुसून जात नाही. घरच्या घरी साफ करायला कोमट पाणी, भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब, पंधरा मिनिटं भिजवणं आणि लहान मुलाचा मऊ टूथब्रश. टूथपेस्ट नको, ती सोनं घासते. बेसिनच्या भोकावर धुऊ नका; वाटी घ्या.

अंगठी बोटात अडकली तर?

ओढू नका. हात डोक्यावर पाच मिनिटं धरा, मग गार पाण्यात बुडवा, साबण किंवा तेल लावा आणि गोल फिरवत काढा. तरी निघत नसेल तर बारीक रेशमी दोऱ्याचं एक टोक अंगठीखालून तळव्याकडे घ्या. दुसऱ्या टोकाने अंगठीला लागून नखाच्या दिशेने, सांधा ओलांडेपर्यंत घट्ट वेढे द्या. मग तळव्याकडचं टोक नखाच्या दिशेने उलगडत न्या, तशी अंगठी पुढे सरकते. बोट निळं पडलं, बधिर झालं किंवा आधीच इजा असेल तर हे प्रयोग न करता दवाखान्यात जा. सोन्याची पट्टी कातरीने मिनिटभरात कापतात, आणि कापलेली साधी पट्टी सोनाराकडे पुन्हा जोडून मिळते.